आवाज काढायचा नाही

आमच्या घरात हळू कोणी बोलतच नसे. भांडण नसायचं, राग नसायचा, तरी प्रत्येक वाक्य शेजारच्या घराला ऐकू जाईल अशा बेतानं टाकलेलं असायचं. याला कारण मिठागर. उरणच्या खाडीलगत बाबा मिठावर कामाला होते, आणि समुद्राकडून वारा सुटला की बांधाच्या एका टोकाचा निरोप दुसऱ्या टोकाला पोचवायला छातीतूनच ओरडावं लागे. दिवसभर तसं बोललेला माणूस संध्याकाळी घरात शिरताना आवाज चपलेबरोबर बाहेर काढून ठेवत नाही. बाबा "चाय दे" म्हणत तेसुद्धा वाऱ्याच्या उलट तोंड करून म्हटल्यासारखं. चुलीपाशी भाकरी थापत बसलेली आई त्याच पट्टीत "देतंय" म्हणे. माझी मोठी बहीण, जनाताई, परसातून तिसरंच काहीतरी सांगत असे. सकाळी तांदळाची भाकरी आणि चहा, दुपारी जवळ्याची चटणी, खाडीतून कोणी निवट्या आणल्या तर रात्री त्यांचं कालवण, आणि या सगळ्यावर एकसारखी पसरलेली ही आरडाओरड. ती मला आरडाओरड वाटत नव्हती. पुढे वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला मुंबईच्या वसतिगृहात गेले तेव्हा खोलीतल्या मुलीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तू माझ्यावर चिडली आहेस का?" मी तिला फक्त साबण मागत होते.

या घरातला सगळ्यात मोठा आवाज हिराआतेचा. ती बाबांची मोठी बहीण. नवरा लवकर गेला म्हणून माहेरी आलेली, आणि आल्यावर घराच्या कडेला न बसता मधोमध बसलेली. आते धवलारीण होती. आमच्या आगरी समाजात लग्न लावायचा मान या बाईचा. ती धवले गाते, म्हणजे लग्नातला प्रत्येक विधी गाण्यातून सांगत जाते. कुठल्या देवाला आधी बोलवायचं, हळद कोणी लावायची, नवऱ्याला पाटावर कधी बसवायचं, पाणी कोणाच्या हातून घ्यायचं, हे सगळं त्या गाण्यात ओळीनं असतं, आणि ती जसं गाते तसं लग्न पुढे सरकतं. ती थांबली की लग्न थांबतं. दोन दिवस चालणाऱ्या कामाचा सगळा क्रम आतेच्या डोक्यात होता, आणि तिला अक्षरओळख नव्हती. मला आज याद्या करण्याची सवय आहे, शस्त्रक्रियेच्या दिवशी माझ्या खिशात कागद असतो आणि त्यावरून माझी मुलगी मला हसते. ही सवय मी शाळेतून आणली नाही. कामाला क्रम असतो आणि तो मोडला तर काम बिघडतं, हे मी मांडवात आतेच्या मांडीला टेकून बसून शिकले.

ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे त्या वर्षी जनाताईचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मी आठवीत होते. त्या हंगामात लग्नं फार होती. आते एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जात होती, आणि आता प्रत्येक मांडवात ध्वनिक्षेपक आला होता. त्याच्यावर सिनेमाची गाणी लागत आणि त्यांच्यावरून आतेला आपला धवला चढवावा लागे. माघ संपता संपता तिचा आवाज चिरका झाला, मग फाटला, आणि एका सकाळी तिनं मला हाक मारली तेव्हा तोंड उघडलेलं दिसलं पण हाक आलीच नाही. मग घरचे उपाय झाले. आमच्याच आगरातल्या मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध, ज्येष्ठमध, खडीसाखर झाली. पलीकडच्या गावात भीमाबाय नावाची दुसरी धवलारीण होती. तिनंच आवाज बांधून टाकलाय, असं एक भगत सांगून गेला, आणि आईनं त्याला नारळ देऊन वाटेला लावलं. आई व्यवहारी होती. तिनं बाबांना सांगितलं, "जनीचा लगीन हाय. हिराबायचा गला नाय आला त भीमाबायला सांगून ठेवा."

हे बोलणं नेहमीच्या आवाजात झालं, म्हणजे आतेनं ते अंगणात ऐकलं. ती आत आली, उंबऱ्यावर उभी राहिली आणि घोगऱ्या, तुटक आवाजात म्हणाली, "तिला बोलवाल त मी मांडवान पाय ठेवनार नाय." एवढं बोलायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आतेला गळ्याच्या दुखण्यापेक्षा घरातली जागा जाण्याची भीती जास्त आहे. गाणारी हिराबाय घराच्या मधोमध बसू शकत होती. न गाणारी हिराबाय भावाच्या घरी राहणारी विधवा बहीण झाली असती.

बाबांची अलिबागच्या कोर्टात जमिनीची तारीख होती. त्याच फेरीत आतेला तिथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. मला बरोबर घेतलं, कारण मला शाळेतलं मराठी येत होतं. डॉक्टरांचं बोलणं आतेला आणि आतेचं डॉक्टरांना समजावणं हे माझं काम. उरणहून पेण, पेणहून अलिबाग, अशी एसटी. आते खिडकीशी बसून पूर्ण वाटभर गळ्यावर हात ठेवून होती, पिशवी सांभाळावी तसा.

डॉक्टर प्रधान वयानं मोठे, सावकाश बोलणारे होते. कपाळावर पट्ट्यानं बांधलेला गोल आरसा, आणि हातात लांब दांडीचा दुसरा, रुपयाएवढा. तो छोटा आरसा त्यांनी स्पिरिटच्या दिव्यावर धरला, मग स्वतःच्या मनगटावर टेकवून फार तापला नाही ना ते पाहिलं. आतेची जीभ कापडात धरून आरसा घशाशी नेला आणि म्हणाले, "ई म्हणा."

आते म्हणाली, "आ."

"आ नाही. ई."

जीभ दुसऱ्याच्या हातात, डोळे माझ्याकडे. मी म्हटलं, "आते, ईल्यातली ई." आमच्याकडे विळ्याला ईला म्हणतात. आतेनं घशातून फाटकी, पण ई काढली. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "हे बरं आहे. ईल्यातली ई." अजूनही खाडीपट्ट्यातलं माणूस समोर बसलं की मी तेच सांगते. आता आमच्याकडे दुर्बीण आहे, पडदा आहे, रुग्णाला स्वतःचा घसा बघता येतो. पण ई अजून लागतेच.

मग त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या, वरच्या टोकाला जुळलेल्या, खाली फाकलेल्या. प्रत्येक रेघेवर एक ठिपका दिला, समोरासमोर. "हे स्वरतंतू. बोलताना एकमेकांवर आपटतात. तुम्ही फार जोरात, फार वर्षं आपटलेत. इथं आणि इथं घट्टा पडलाय."

घट्टा म्हटल्यावर मला मध्ये पडावं लागलंच नाही. आतेनं शेजारी बसलेल्या बाबांचा हात ओढला आणि तळवा डॉक्टरांसमोर उघडा केला. मीठ गोळा करायचं दांडकं ओढून ओढून तिथं पिवळे, टणक घट्टे होते.

"अगदी असाच," डॉक्टर म्हणाले. "काम थांबवलं की हा मऊ पडतो ना? तसं करायचं. पंधरा दिवस आवाज काढायचा नाही. मुळीच नाही. तेवढ्यानं उतरला तर ठीक. नाही तर ऑपरेशन करून काढावा लागेल, आणि मग आवाज पूर्वीसारखा येईल असं मी आज सांगू शकत नाही. समजलं?"

आम्ही तिघांनी माना हलवल्या. इथं मला आजचं एक सांगायचं आहे. "समजलं?" हा शब्द मी माझ्या दवाखान्यातून हद्दपार केलाय. माझ्या हाताखालच्या तरुण डॉक्टरांना तो वापरायची बंदी आहे. त्या प्रश्नाला मान हलवण्याशिवाय दुसरं उत्तर नसतं.

घरी आल्यावर आतेचं मौन सुरू झालं आणि ते सगळ्यांना फार आवडलं. आईनं गावभर सांगितलं की हिराबायनं आवाज बंद ठेवलाय, आणि ते खरं होतं. आवाज नव्हता. आते आता कानात बोलत होती. मी शाळेतून आले की ती मला जवळ ओढे, तोंड माझ्या कानाशी आणे आणि नुसत्या श्वासानं सांगे, "आयसला सांग, भात खाली लागलाय." मी जागेवरून ओरडायची, "आये, आते सांगते भात खाली लागलाय!" आई तिकडून, "तिला सांग, नाक हाय त मलापन हाय." मी ते आतेला पुन्हा सांगायची गरज नव्हती, तरी सांगायची. मी आतेचा कर्णा झाले होते आणि मला त्याचा अभिमान होता. माझ्या तोंडून आते ताईच्या सासरच्यांना नावं ठेवी, बाबांना चपलेवरून बोले, शेजारणीला मासे महाग घेतल्याबद्दल झापे. पूर्वी ती जेवढं बोलत असे त्याहून जास्तच बोलू लागली असावी, कारण आता ते सगळं सांगायला माझा ताजा गळा मिळाला होता. आमच्यापैकी कोणालाही हे बोलणं वाटलं नाही. आमच्या घरात बोलणं म्हणजे जे चुलीपासून अंगणापर्यंत जातं ते. कानापर्यंतच जाणाऱ्या गोष्टीला आमच्याकडे नावसुद्धा नव्हतं.

दुपारी घर झोपलेलं असताना मात्र ती मला वेगळंच सांगे. परसात शेवग्याखाली आम्ही दोघी बसायचो, ती डोळे मिटून घ्यायची आणि कानात धवला सांगायची. चाल नाही, सूर नाही, फक्त शब्द आणि त्यांचा क्रम. आधी गणपती, मग गावदेवी, मग खाडीपलीकडचे देव, मग मांडवाचे खांब म्हणजे मेढी, मग हळद. एक ओळ ती सांगे, मी पुटपुटे. चुकलं की माझ्या मांडीवर चापट. हे कशासाठी ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण एकदा मधेच थांबून ती म्हणाली, तशीच श्वासानं, "गला नाय आला तरी शब्द त राहतील. तुजे गल्यान राहतील." मग लगेच, "चल, मागून म्हन."

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा अलिबागला गेलो तेव्हा बाबा खुशीत होते. डॉक्टरांनी आरसा तापवला, जीभ धरली, आतेनं न सांगता ई काढली. ती पहिल्यापेक्षा वाईट होती. मलाही ते कळलं. डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं, मग खुर्ची मागे सरकवली.

"वाढलंय," ते म्हणाले. "लाली पण आहे. आवाज बंद ठेवला नाहीत तुम्ही."

बाबा उठूनच उभे राहिले. "साहेब, एक आवाज केला नाय तिनं. सगला घर साक्षीला हाय. पोरीला विचारा."

"खरंच नाही काढला," मी म्हटलं.

डॉक्टरांनी आमच्या तिघांच्या तोंडांकडे पाहिलं. खोटं बोलणारी माणसं त्यांनी खूप पाहिली असणार, आम्ही तशी दिसत नसू. ते म्हणाले, "मग विश्रांतीनं हे उतरणारं नाही. ऑपरेशन करून टाकू." आणि त्यांनी दाखल करून घ्यायची चिठ्ठी लिहायला घेतली. आतेनं माझं डोकं ओढून जवळ घेतलं आणि कानात म्हणाली, "मी नाय कापून घेनार. त्याला सांग. गला माजा हाय."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "त्या आत्ता काय म्हणाल्या?"

मी सांगितलं.

"ते नाही. म्हणजे, तेही. पण त्या असं तुझ्या कानात किती वेळा बोलतात?"

"दिवसभर," मी म्हटलं. "आवाज काढायचा नाही म्हणून."

मग डॉक्टरांनी पेन ठेवलं, खुर्ची आतेसमोर आणली, मान कलती केली आणि आपला कान तिच्या तोंडाशी नेला. दोन बोटं तिच्या गळ्यावर ठेवली. "हिराबाई, मला काहीतरी सांगा. तिला सांगता तसंच."

आते आधी बाबांकडे पाहत राहिली. मग तिनं डॉक्टरांच्या कानात काहीतरी म्हटलं. डॉक्टरांची बोटं गळ्यावर होती, चेहरा गंभीर होता, आणि मग तो गंभीर राहिला नाही.

"काय म्हनली?" बाबांनी घाबरून विचारलं.

"माझ्या कानात केस फार झालेत म्हणतात." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग आतेकडे वळले, आणि पुढचं ते माझ्याकडे न बघता थेट तिच्याशी बोलले. "हिराबाई, तुमचं काही चुकलेलं नाही. आवाज काढू नका म्हटलं, तुम्ही नाही काढलात. कुजबुजीत आवाज नसतोच. पण गळा मोकळा नसतो. माझ्या बोटांखाली तो दोरीसारखा ताणलेला लागत होता. बोलण्यानं जेवढा घासतो त्याहून जास्त घासत असेल. शब्द माझा चुकला. मी 'आवाज' म्हटलं, 'बोलणं' म्हणायला हवं होतं, आणि तुमच्या घरी बोलणं कशाला म्हणतात तेही विचारायला हवं होतं." त्यांनी चिठ्ठी उभी फाडली. "पुन्हा पहिल्यापासून करू."

मी आता त्यांच्या त्या वेळच्या वयाला पोचत आले आहे. माझ्या दवाखान्यात आज बंदरावरचे ट्रकचालक येतात, हॉर्ननं कान गेलेले, आखातातून सुट्टीवर आलेले खलाशी येतात, शिक्षिका येतात घसे बसलेल्या, आणि भजनी मंडळं. मला कधी विचारतात की तुमचं तत्त्व काय. तत्त्व वगैरे शब्दाची मला थोडी अडचण वाटते, पण जे आहे ते त्या खोलीतून आलेलं आहे. मी सांगितलेलं केलं का, असं मी विचारत नाही. कसं केलं ते करून दाखवा, असं म्हणते. नाकाचा फवारा महिनाभर इमानदारीनं तोंडात मारणारे एक चाचा माझ्याकडे आले होते, मुरुडकडचे, अतिशय शिस्तीचे गृहस्थ. आधीच्या दोघा डॉक्टरांनी त्यांना नाकाच्या शस्त्रक्रियेची तारीख दिली होती. मी फवारा हातात देऊन "दाखवा" म्हटलं, त्यांनी तोंड उघडलं, आणि तारीख रद्द झाली. शस्त्रक्रिया मला येते, आवडते, आणि जिथं ती हवी तिथं मी मागेपुढे पाहत नाही. पण माझ्या क्रमात ती शेवटी येते, आणि तिच्या आधीची ओळ अशी आहे की रुग्णानं माझा शब्द कोणत्या अर्थानं घरी नेला ते पाहा. आतेच्या त्या फुगलेल्या, लाल तंतूंवर त्या दिवसांत हत्यार लागलं असतं, जरा जास्त खरवडलं गेलं असतं, आणि घरी जाऊन तिनं पुन्हा माझा कान धरला असता, तर तिथं व्रण राहिला असता आणि आवाज कायमचा गेला असता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आज मी ते रोज पाहते. आणि हेही सांगायला हवं की इतकं लांबलचक मौन आम्ही आता देत नाही. काही दिवस पूर्ण शांतता, मग आवाजाचे व्यायाम. शास्त्र पुढे गेलं, चांगलं झालं.

खरं मौन फार अवघड गेलं. आतेला पितळेची वाटी आणि चमचा दिला. एक ठोका हो, दोन ठोके नाही, आणि सलग वाजवली तर काहीतरी बिघडलंय. पण वाटीचा ठोका आमच्या घराच्या आवाजात ऐकूच येईना. आते एका कोपऱ्यात रागानं वाटी बडवतेय आणि इकडे आम्ही चौघं एकमेकांवर बोलतोय, असं दोन-तीन दिवस चाललं. शेवटी आईनं फर्मान काढलं की वाटी ऐकू येईल एवढंच बोलायचं. घराची पट्टी खाली आली. खरोखर कोणीतरी छप्पर उतरवून ठेवल्यासारखं वाटलं. भाकरी थापल्याचा आवाज किती गोल असतो ते मला तेव्हा कळलं. ओहोटीला उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्यांमधून खाडीचं पाणी बाहेर पडतं, ते आमच्या परसापर्यंत ऐकू येत होतं, आणि ते नेहमीच येत असणार.

आणि एक कळलं जे कोणाला नको होतं. सगळं घर हळू बोलू लागलं तेव्हा बाबा उत्तर द्यायचे थांबले. आईला वाटलं रुसलेत. आते त्यांच्या पाठीमागे बसून वाटी वाजवी, ते वळत नसत. मग तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आपल्या कानाला हात लावला, बाबांकडे बोट दाखवलं आणि वाटीवर दोन ठोके दिले. नाही. बाबांना ऐकू कमी येत होतं, बहुधा कित्येक वर्षं, आणि आमच्या आरड्याओरड्यानं ते झाकलं होतं. पुढे त्यांच्या कानाच्या फाटलेल्या पडद्यावर डॉक्टर प्रधानांनीच शस्त्रक्रिया केली. ती मात्र हवीच होती. मी बाहेरच्या बाकावर बसले होते, आणि मला काय व्हायचंय हे तिथं ठरलं, असं मी मुलाखतीत सांगते. खरं तर ते आधीच, वाटीच्या दोन ठोक्यांवर ठरलं होतं.

मौनाच्या त्या दिवसांत शेवग्याखालचं सगळं बंद झालं. आते दुपारी तिथं येऊन बसे, मीही बसे. ती एकदा तोंड उघडून थांबली, मग माझ्या मांडीवर नुसती चापट मारली, आणि आम्ही दोघी हसलो. तिचं हसणंही बिनआवाजी होतं. धवला हळदीपाशी राहिला होता.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी आरसा बराच वेळ धरला. मग बाहेर काढून म्हणाले, "उतरलाय. थोडी खूण आहे, तेवढी राहू द्या." आतेनं आवाज काढावा की नाही हे न कळून माझ्याकडे पाहिलं. "बोला," डॉक्टर म्हणाले. "हळू नाही आणि ओरडून नाही. मधला आवाज असतो एक."

आतेनं घसा खाकरला नाही, ते त्यांनी आधीच मना केलं होतं. ती म्हणाली, "पोरीचा लगीन हाय. गाऊ कं?" आवाज जाड होता, आधीपेक्षा बराच खालचा, पण सलग होता. तुटला नाही.

"गा. खालच्या पट्टीत गा. आणि मांडवातल्या कर्ण्याशी स्पर्धा करू नका. माईक घ्या हवं तर."

"देवाला माईक लागत नाय," आते म्हणाली.

मांडवात हळदीच्या दिवशी ध्वनिक्षेपकावर गाणं चालू होतं. आते पाटावर बसली, तिच्या मागे साथीला दोन बायका. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा उठले, माईकवाल्याकडे गेले आणि वायर उपटली. तो म्हणाला, "काका, पैसे घेतलेत मी." बाबांना ते ऐकू आलं नाही, किंवा ऐकू आलं. ते परत येऊन बसले. मांडवातली माणसं पहिल्यांदा बोलतच होती, नेहमीसारखी, एकमेकांवर. मग आतेनं गणपतीला बोलावलं, त्या नव्या, खालच्या आवाजात, आणि तो आवाज पुढच्या रांगेच्या पलीकडे गेला नाही. ती थांबली नाही, चढलीही नाही. आधी पुढची रांग गप्प झाली, मग मधली, मग दाराशी उभे असलेले पुरुष. आमच्या गावात मी तेवढी शांतता त्याआधी किंवा नंतर ऐकलेली नाही. भीमाबाय पाहुणी म्हणून आली होती. तीही मान खाली घालून ऐकत होती. आते गणपतीपासून गावदेवीपर्यंत, खाडीपलीकडच्या देवांपर्यंत, मेढींपर्यंत आली, आणि इथवर माझे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मग हळद आली आणि पुढचं मला येत नव्हतं. मी ओठ मिटले आणि ऐकत बसले.

त्यानंतर आते खूप वर्षं गायली, त्याच खालच्या आवाजात. मी मधून मधून म्हणायची, आते, पुढचं सांग ना. ती म्हणे, "आता कशाला? मी हाय ना." मग माझं कॉलेज, मग इंटर्नशिप, मग नोकरी. मिठागर गेलं, तिथं आता कंटेनर रचलेले असतात. आते गेली तेव्हा मी शस्त्रक्रियेत होते.

मागच्या वर्षी जनाताईच्या नातीचं लग्न झालं. भटजी होते, बँड होता, हॉल होता. हळदीच्या वेळी ताई माझ्याजवळ आली. ती आता आमच्या आईसारखी दिसते. म्हणाली, "रंजू, तुला येतो ना आतेचा धवला? म्हन ना थोरा." मी म्हटलं, मला गाता येत नाही. ती म्हणाली, "गाऊ नको. नुसता म्हन." मला तो कुजबुजीतच येतो, आणि कुजबूज तर मी सगळ्यांना मना केलेली. म्हणून मी मधला आवाज लावला आणि म्हटला. गणपती, गावदेवी, खाडीपलीकडचे देव, मेढी. पोरी मोबाइल धरून उभ्या होत्या. हळदीपाशी मी थांबले.

"पुढं?" ताई म्हणाली.

"पुढचं तिनं कानात सांगितलं नाही, तुझ्या लग्नात गायलं," मी म्हटलं. "मी ऐकत बसले होते."